भाला सुटतो हातातून, पण लांब जातो डाव्या पायामुळे

नवा मुलगा पहिल्यांदा भाला हातात घेतो तेव्हा खांद्याच्या जोरावर तो भिरकावतो. सुरुवातीच्या अंतरापर्यंत हे खपून जातं. पुढे मात्र अंतर तिथेच अडकतं आणि कोपर दुखायला लागतं. दोन्हींचं कारण एकच: धावण्यातला वेग भाल्यापर्यंत पोहोचतच नाही. खालचं वर्णन उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी पाय उलटे धरावेत.

आधी भाला. पुरुषांचा ८०० ग्रॅमचा आणि २.६० ते २.७० मीटर लांब, महिलांचा ६०० ग्रॅमचा आणि २.२० ते २.३० मीटर. १८ वर्षांखालील मुलं ७०० ग्रॅमचा फेकतात, मुली ५०० ग्रॅमचा. वजनात घाई नको. बऱ्याच भाल्यांवर ५०, ६०, ७०, ८० असे मीटरचे आकडे असतात. तो भाला साधारण किती लांब फेकणाऱ्यासाठी बनवलाय हे त्यावरून कळतं. वरच्या आकड्याचा भाला कडक असतो, जोर अगदी सरळ रेषेत लागला तरच तो साथ देतो. ४५ मीटर फेकणाऱ्याने ८० चा भाला घेतला तर त्याचं अंतर बहुधा कमीच होतं. तरी हौस म्हणून तोच घेतला जातो.

पकड. भाला तळहातावर तिरका ठेवा, आडवा नाही. दांड्यावर पकडीच्या जागी गुंडाळलेल्या दोरीची मागची कड हा तुमचा टेकू, जोर तिथेच लावायचा. मधलं बोट आणि अंगठा त्या कडेमागे, तर्जनी दांड्यावर मागे सैल पसरलेली, ही फिनिश पकड. तर्जनी आणि अंगठा कडेमागे ठेवले की अमेरिकन. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात भाला धरण्याचीही रीत आहे. तिन्ही चालतात. बोटं आवळली की मनगट अडकतं, म्हणून उरलेली बोटं नुसती टेकलेली असू द्यावीत.

आता उभी फेक, आणि हिला कंटाळायचं नाही. डावा पाय पुढे, वजन उजव्यावर, हात खांद्याच्या उंचीवर मागे सरळ, तळवा वर, टोक उजव्या भुवईजवळ. समोर १० ते १५ मीटरवर गवतात एक जागा ठरवा आणि भाला तिथे रोवा. लांब फेकायचा नाही. आधी उजवी टाच बाहेर वळते, मग कंबर, मग छाती, आणि शेवटी हात. कोपर हाताच्या आधी पुढे यायला हवं आणि खांद्याच्या वरून जायला हवं. कोपर खाली पडलं की भाला बाजूने ओढला जातो, हवेत तिरका होतो आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण येतो. नीरज चोप्राचंही २०१९ मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं होतं. खांदा आणि कोपर हेच या खेळाचे नाजूक सांधे.

उभ्या फेकीत भाला सलग सरळ रोवला जाऊ लागला की पाच पावलं: डावं, उजवं, डावं, उजवं, डावं. पहिल्या दोन पावलांत भाला मागे न्यायचा, नंतर हात मागे तसाच शांत. चौथं पाऊल महत्त्वाचं: डाव्या पायाने रेटून उजवा पाय पुढे घ्यायचा. उडी लांब पण बुटकी हवी. उंच उडाल तर खाली आदळाल आणि वेग तिथेच मरेल. उजवा पाय टेकताना धड थोडं मागे झुकलेलं असतं. तो टेकतो न टेकतो तोच डावा पाय टाचेवर खाली यायला हवा, गुडघा सरळ आणि घट्ट. पायांचा आवाज ऐका: शेवटची दोन पावलं ‘टक-टक’ अशी जवळ पडली पाहिजेत. मध्ये मोठी फट ऐकू आली तर डावा पाय उशिरा येतोय.

डावा गुडघा वाकला की कंबर पुढे वाहून जाते आणि धावेतून कमावलेला वेग पायातच विरतो. हा पाय किती निर्णायक आहे ते जर्मनीच्या योहानेस फेटरच्या टोकियो ऑलिंपिकमधून दिसतं. २०२० मध्ये ९७.७६ मीटर फेकलेल्या या खेळाडूचा रोखणारा, म्हणजे डावा, पाय तिथल्या धावपट्टीवर घसरत होता. अंतिम फेरीत तो ८२.५२ वर थांबला आणि पहिल्या आठातही आला नाही. त्याच फेरीत नीरजने ८७.५८ मीटरवर सुवर्ण घेतलं.

पूर्ण धाव साधारण १२ ते १६ पावलांची ठेवा. वेग हळूहळू वाढत जावा. सुरुवातीलाच झोकून दिलं तर शेवटच्या पाच पावलांत पाय गोंधळतात. धाव मोजताना फेकरेषेकडून उलटं पळा, भाला मागे नेण्याच्या जागी एक खूण आणि सुरुवातीला एक खूण करा. डावा पाय रेषेच्या १.५ ते २ मीटर मागे पडेल असं जुळवा, कारण थांबायला जागा लागते. नीरजसारखं हातांवर पडणाऱ्याला तर जास्तच.

सुटण्याचा कोन ३२ ते ३६ अंश. उंच फेकल्याने भाला तरंगेल हा जुना समज. १९८६ मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटर पुढे आणला गेला, म्हणून त्याचं टोक लवकर खाली येतं. टोक वर आणि जोर खाली असं झालं की भाला हवेतच अडखळतो. समोरून वारा असेल तर आणखी सपाट फेका, पाठीमागून असेल तर किंचित उंच.

जोरदार फेकी आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान ४८ तास. एका सत्रात २५-३० फेकी पुरतात, त्यातल्या अर्ध्या उभ्याच असाव्यात. बाकी दिवशी २ ते ३ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) डोक्यावरून फेकायचा, गुडघ्यावर बसून १० चे ३ संच. रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवण्याचे १५ चे २ संच. शिवाय उड्या आणि हर्डल. कोपराच्या आत टोचल्यासारखं दुखलं की त्या दिवशी फेक बंद. बर्फ लावून पुन्हा फेकणं हा मूर्खपणा.

स्पर्धेत एका फेकीसाठी एक मिनिट मिळतं. भाला टोकाकडूनच जमिनीला लागला पाहिजे, रेषेला स्पर्श झाला तर फाऊल, आणि भाला पडेपर्यंत धावपट्टी सोडायची नाही. बाहेर पडतानाही रेषेच्या मागूनच. सहसा तीन फेकींनंतर पहिल्या आठांनाच पुढच्या तीन मिळतात, म्हणून पहिली फेक थोडी आखडून पण वैध घ्या. सरावात भाला परत फेकत आणू नका. बाजूने चालत जा, दांडा उभा करा, मग सरळ वर उपसा आणि टोक खाली ठेवून उभाच धरून आणा.