घरी हरिपाठ सुरू करायचाय? प्रेम येईल तेव्हा येईल, आधी तोंड उघडा

बऱ्याच जणांचं असं असतं की आधी मनात देवाचं प्रेम दाटून आलं पाहिजे, मग भजनाला बसू. मग ते दाटून येत नाही आणि बसणंही होत नाही. वारकऱ्यांकडे हे उलटं चालतं. ज्ञानोबांच्या हरिपाठात, म्हणजे हरिनामावरच्या अभंगांच्या संचात, २६ व्या अभंगात सरळ सांगितलंय, "वाचेसी सद्गद जपे आधीं". त्यातला 'आधी' नीट बघा.

तर वेळ एक ठरवा. दिवेलागणीची सगळ्यात बरी, पण ऑफिसातून यायलाच आठ वाजत असतील तर साडेआठ, काही बिघडत नाही, फक्त रोज तीच ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पुस्तक छोटं मिळतं, पंचवीस-पन्नास पानी, त्यात अभंग कुठे २७ तर कुठे फलश्रुतीचा (पाठ केल्याचं फळ सांगणारा) धरून २८, त्यावरून डोकं खाजवत बसू नका. पहिल्याच दिवशी सगळे म्हणायला गेलात तर चौथ्या दिवशी घसा बसतो आणि पाचव्या दिवशी कंटाळा येतो, माझं अगदी असंच झालं होतं. पहिले पाचच घ्या. आठवडाभर तेच. चाल यूट्यूबवरून उचलली तरी चालेल, पण तिथले लोक फार पळवतात, आपण सावकाश म्हणायचं.

प्रत्येक अभंगानंतर "हरि मुखें म्हणा" हे ध्रुपद परत येतं. खरी गंमत तिथेच आहे. अभंगाचे शब्द जुने, जीभ अडखळते, सगळं लक्ष पुस्तकात, पण ध्रुपद आलं की मान वर होते, डोळे मिटले तरी चालतात, आणि तेवढ्या पाच-सात सेकंदांत आपण वाचत नसतो, म्हणत असतो. नवशिक्याने तिथेच थोडं रेंगाळावं, दोनदा म्हणावं, चारदा म्हणावं.

टाळ लगेच घेऊ नका. आणले तर जड असतात आणि फ्लॅटमध्ये आवाज भिंती फोडून जातो, आमच्या वरच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं, दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. टाळी पुरते. ताल चुकला तर चुकू दे, फक्त टाळी थांबवायची नाही, हात चालू असले की मन फार लांब पळत नाही.

आता आनंदाचं. रोमांच, डोळ्यांत पाणी, आवाज घोगरा होणं, असे आठ सात्त्विक भाव सांगितलेत, पण ते येतायत का हे तपासत बसलात की संपलंच, तुम्ही देवाकडे नाही, स्वतःकडे बघताय. नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्ती म्हणजे परमप्रेम म्हटलंय आणि ते प्रेम कसं, तर मुक्याने चाखलेल्या चवीसारखं, सांगता येत नाही. म्हणून कुणी "मला असा असा अनुभव आला" म्हणून तासभर सांगायला लागला की मी चहा ठेवायला उठते.

आणि मोक्षाचा हिशोब तर नकोच. पहिल्याच अभंगात देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं तरी चारी मुक्ती साधल्या म्हणतात, सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता, सगळ्या. आणि इकडे तुकोबा म्हणतात मुक्ती नको, संतसंग दे, हवं तर परत गर्भवासात घाल. मला ते पटतं बाबा, सायुज्यतेत, म्हणजे देवातच, एकदा विरघळलो की मग गाणार कोण आणि ऐकणार कोण?

मन लागत नसेल त्या दिवशी चौथा अभंग म्हणा, त्यात "उगा राहें निवांत शिणसी वायां" आहे. त्या ओळीनंतर मिनिटभर गप्प बसायचं आणि मग पुढे जायचं. शेवटी पसायदान म्हणायचं, की झालं.

घरचे हसतील, हसू द्या, बसा म्हणून मागे लागू नका. आमच्या सासूबाई दोन महिने स्वयंपाकघरातून नुसतं ऐकत होत्या, एकदा मी तिसऱ्या अभंगाला ओळ विसरले आणि अडले, तर आतून पोळी लाटता लाटता त्यांनीच "हरि मुखें म्हणा" धरलं, लाटण्याच्या ठेक्यावर. तेव्हापासून ध्रुपद त्यांच्याकडे आहे.