ड्रायव्हरच्या ड्यूटीचे तास ट्रॅक करताय? या चुका टाळा

डिलिव्हरीच्या गाड्यांना जीपीएस लावला, ड्रायव्हरच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकलं, डॅशबोर्डवर हिरवे-लाल पट्टे दिसायला लागले की फ्लीट मॅनेजर लोकांना वाटतं झालं काम, आता कोण किती तास राबला ते बसल्या जागी कळणार. मी हे सेटअप लावून देतो आणि बोंब झाली की निस्तरायलाही मलाच बोलावतात. खरं सांगायचं तर मशीन बिघडलेलं क्वचितच सापडतं, बहुतेक वेळा रिपोर्ट वाचणाऱ्याची घाई सापडते. तेच तेच बघून वैताग आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

गाडी बंद दिसली की ड्रायव्हर आराम करतोय असं धरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एका ठिकाणाहून फोन आला. ड्रायव्हर कामचुकार झालेत, रोज सकाळी तास-दोन तास नुसते बसून असतात, रिपोर्टमध्ये स्वच्छ दिसतंय, तेवढे पैसे कापलेत, आता ते भांडायला आलेत तर तुम्ही येऊन मशीन बरोबर आहे असं लिहून द्या. गेलो. ते सगळे 'ब्रेक' नकाशावर टाकून बघितले तर एकजात एकाच जागी, त्यांच्याच गोडाऊनच्या गेटबाहेर. लोडिंगची लाइन हो! आणि इंजिन बंद का, तर गेटवर मोठ्या अक्षरात नोटीस लावलेली, डिझेल वाचवा, लाइनीत इंजिन बंद ठेवा. माणसं नोटीस पाळत होती. थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर मारायचा, गाडी चार हात पुढे घ्यायची, परत बंद. धड झोप नाही, उतरून कुठे जाता येत नाही, नंबर गेला की परत शेवटाला. याला आराम म्हणणारा माणूस त्या लाइनीत एकदा उभा करायला पाहिजे.

बरं, ते मधेमधे स्टार्टर मारलेलं रिपोर्टमध्ये का दिसलं नाही? तर दोन मिनिटांच्या आतली हालचाल गाळून टाका अशी सेटिंग कोणीतरी केली होती, रिपोर्ट फार लांब येतो म्हणून. म्हणजे ज्या बारीक नोंदींवरून खरं काय ते कळलं असतं त्याच कचरा म्हणून फेकल्या. आणि डिस्पॅचच्या पोरांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, पण पगार काढणाऱ्यांनी त्यांना विचारलं तर ना.

जिथे याचे नियम कडक आहेत तिथे हा घोळ आधीच ओळखलेला आहे बघा. अमेरिकेत मोठ्या मालवाहू गाड्यांना डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस सक्तीचं व्हायला लागलं. त्यात गाडी सलग ५ मिनिटं थांबली की डिव्हाइस ड्रायव्हरला विचारतं, आता काय करतोयस? मिनिटभर उत्तर आलं नाही तर नोंद पडते 'ड्यूटीवर, पण गाडी चालवत नाही' अशी. आराम अशी नाही! युरोपातल्या डिजिटल टॅकोग्राफचंही (गाडीत बसवलेलं, ड्रायव्हरचे चालवण्याचे आणि आरामाचे तास नोंदवणारं यंत्र) तसंच, गाडी थांबली की तो आपोआप हातोड्यांच्या खुणेवर जातो म्हणजे 'इतर काम', आणि आराम दाखवायचा तर ड्रायव्हरला स्वतः पलंगाची खूण निवडावी लागते. थोडक्यात ज्यांनी या विषयावर डोकं घातलंय त्यांनी शंकेचा फायदा कामाला दिलाय, आणि आपल्या स्वस्तातल्या अ‍ॅपवाल्यांनी तो ब्रेकला दिलाय.

माझी सवय सांगतो. ब्रेक फक्त ड्रायव्हरने बटण दाबलं तरच. इग्निशन बंद ही नोंद वेगळी ठेवायची, तिच्यावरून पगाराला हात लावायचा नाही. गोडाऊन आणि मोठ्या गिऱ्हाइकांच्या जागा नकाशावर 'वेटिंग' म्हणून आखून ठेवायच्या. मालक कुरकुरतात की मग ड्रायव्हर बटण दाबणारच नाहीत. नाही दाबलं तर बोला ना त्यांच्याशी! ते बोलणं टाळता यावं म्हणूनच तर बऱ्याच जणांनी मशीन घेतलेलं असतं.

नोंद कधी झाली आणि सर्व्हरवर कधी आली, यात गल्लत

ही दुसरी. ड्रायव्हर बेसमेंटमध्ये गाडी लावतो, 'ड्यूटी संपली' दाबतो, तिथे नेटवर्क नाही, फोन खिशात टाकून घरी जातो आणि बॅटरी संपून फोन बंद. सकाळी चार्जिंगला लावल्यावर ती नोंद वर जाते. सॉफ्टवेअरने पोचल्याची वेळ धरली तर हा माणूस रात्रभर ड्यूटीवर, वर दोन शिफ्टमध्ये पुरेशी विश्रांती घेतली नाही म्हणून लाल झेंडा. मग कोणीतरी शहाणा तो आकडा हाताने दुरुस्त करतो, अंदाजे. अंदाजे! त्यापेक्षा वही बरी होती.

सेटअप घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की दोन्ही वेळा वेगवेगळ्या साठवता का. उत्तर गोलमोल आलं तर उठा तिथून. मी नवीन सिस्टीम आली की फोन एअरप्लेन मोडवर टाकून ड्यूटी सुरू करतो, बंद करतो, बऱ्याच वेळाने नेट चालू करतो आणि रिपोर्टमध्ये काय उमटलं ते बघतो. एवढी साधी टेस्ट, पण डेमो बघून सही करणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो. दुसरी टेस्ट, फोनचं घड्याळ हाताने मागे करून बघा. अ‍ॅपने ते मुकाट मान्य केलं तर त्या अ‍ॅपवर तास मोजू नका.

याचंच भावंड म्हणजे टाइम झोन. टॅकोग्राफ सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत साठवतो, त्यामुळे उन्हाळ्यात जर्मनीतल्या ड्रायव्हरच्या भिंतीवरच्या घड्याळात आणि मशीनच्या नोंदीत २ तासांचा फरक असतो. हाताने नोंद भरताना लोक स्थानिक वेळ टाकतात आणि मग गाडी चालू असताना ड्रायव्हर झोपलेला दिसतो. रात्रपाळीचं वेगळंच, मध्यरात्री तारीख बदलली की शिफ्टचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही दिवस अर्धवट भरल्यासारखे दिसतात. दिवस नाही, शिफ्ट मोजा.

ब्रेकची नुसती बेरीज करणं

युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांचा ब्रेक लागतो. तुकडे करायचे तर आधी किमान १५ आणि नंतर किमान ३०. उलटं, म्हणजे आधी ३० मग १५ असं घेतलं तर बेरीज ४५ होते पण ब्रेक भरत नाही. पाच-पाच मिनिटांचे नऊ थांबे तर सोडूनच द्या. तरी डॅशबोर्ड हिरवा दाखवतो, कारण बनवणाऱ्याने बेरीज शिकवली आणि नियम वाचलाच नाही. ज्या देशात गाडी चालते तिथला नियम स्वतः वाचा, सेल्सवाल्याच्या तोंडावर जाऊ नका.

आता बारीकसारीक

फोनचं बॅटरी सेव्हर अ‍ॅपला मागच्या मागे बंद पाडतं आणि मग ड्रायव्हरने मुद्दाम बंद केलं असा आरोप होतो. आधी सेटिंग बघा, मग माणसावर जा.

जिओफेन्स, म्हणजे नकाशावर एखाद्या जागेभोवती आखलेली हद्द, फार छोटा आखू नका, उंच इमारतींमध्ये जीपीएस सहज इकडचा तिकडे उडतो आणि दारात उभा असलेला माणूस पलीकडच्या गल्लीत दिसतो.

एकाच्या ड्रायव्हर कार्डवर (टॅकोग्राफमध्ये घालायचं ज्याचं त्याचं ओळखीचं कार्ड) किंवा पिनवर दुसऱ्याने गाडी चालवणं. टॅकोग्राफच्या बाबतीत हा सरळ गुन्हा आहे, 'आजच्या दिवस चालतंय' म्हणणाऱ्याला गाडीच देऊ नका.

कामाचा वेळ पंधरा मिनिटांच्या पटीत राउंड करणं, तेही दरवेळी खालीच. याला मी चूक म्हणत नाही, दुसरा शब्द आहे.

जुनी नोंद पुसून नवीन लिहिणं. अमेरिकी नियमात दुरुस्ती केली की मूळ नोंद तशीच राहते, कारण लिहावं लागतं आणि ड्रायव्हरने ती दुरुस्ती मान्य करावी लागते. आपोआप नोंदलेला गाडी चालवल्याचा वेळ तर कमी करताच येत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडमिनला काहीही गुपचूप बदलता येत असेल तर भांडण झाल्यावर त्या रिपोर्टची किंमत शून्य.

ड्रायव्हरला त्याचे तास न दाखवणं. युरोपीय युनियनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, भरवशाची आणि बघता येईल अशी व्यवस्था मालकाने ठेवायलाच हवी. तो 'बघता येईल' भाग सगळे सोयीस्कर विसरतात. मी दर आठवड्याला ड्रायव्हरच्या फोनवर त्याचा हिशेब जाईल असं लावून देतो, चुका तोच सगळ्यात आधी पकडतो.

ड्यूटी संपल्यावरही ट्रॅकिंग चालू ठेवणं. बंद करा, विषय संपला.

आणि डेटा वेळेवर उतरवून न घेणं. युरोपात ड्रायव्हर कार्डचा डेटा जास्तीत जास्त २८ दिवसांत आणि गाडीतल्या टॅकोग्राफ युनिटचा ९० दिवसांत उतरवावा लागतो. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी महिन्याला एकदा सगळं काढून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि फाइल उघडते का तेही बघा. सॉफ्टवेअरवाला बदलायचा झाला तर जुनं लॉगिन बंद व्हायच्या आधी हे करा. नंतर तो फोन उचलत नाही.