हातमोजे पडले की काय बघायचं?

लेकी-जावई कॅनडात असलेल्या, ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या आयांसाठी हे लिहितेय. थंडीत तुम्हाला पहाटे साडेपाचला लॅपटॉपसमोर बसवतील (टोरांटोत तेव्हा संध्याकाळचे सात), किंवा तिकडे गेलात की जावई हौसेनं आईस हॉकीला नेतील. तिथे जाडा स्वेटर घाला. खेळ रंगात आला की दोन तगडे गडी हातमोजे बर्फावर फेकतील आणि एकमेकांना ठोसे मारू लागतील. आजूबाजूचे उभे राहून ओरडतील. घाबरू नका, मॅच थांबवून पोलीस येत नाहीत.

आधी आपली हॉकी बाजूला ठेवा. आपण हॉकीपटू रूपसिंगांच्या गावचे. १९३२च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर पडलेल्या २४ गोलांतले १० त्यांचे. त्यांच्या नावाचं स्टेडियम हॉकीसाठी बांधलं आणि नेलं क्रिकेटनं, तो राग वेगळा. मी शाळेत पीटी शिकवायचे, आंतरशालेय सामन्यांत अंपायरिंगही करायचे. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान पाच, आणि ठोसा मारला तर लाल. मग उरलेली मॅच संघानं एक खेळाडू कमी घेऊन खेळायची. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आईस हॉकी लीगमध्ये, मारामारी केली की दोघांना पाच-पाच मिनिटं. दोघंही गेल्यामुळे बर्फावर पाचाविरुद्ध पाच तसेच राहतात, कुणाचंच नुकसान नाही! माझ्यातल्या अंपायरला हे आजही पचत नाही.

आता बघायचं कसं? ठोशांकडे बघू नका, त्यात कळण्यासारखं फारसं नसतं. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या लाइन्समनकडे, म्हणजे रेफरीच्या मदतनीस पंचांकडे बघा. आपल्याकडे महाराज बाड्याच्या चौकात दोन रिक्षावाले भिडले की चार जण लगेच मध्ये पडतात. इथे लाइन्समन थांबतात. दोघं दमले किंवा खाली पडले की मगच शिरतात. दुसऱ्या कुणी खेळाडूनं तिसरा म्हणून हात घातला तर तो मॅचमधूनच बाद. बाकावरून उठून मारामारीत उतरणाऱ्या पहिल्या खेळाडूला १० सामन्यांची बंदी. म्हणून बाकी सगळे आपापल्या जागी तावातावानं ओरडताना दिसतात, पुढे मात्र येत नाहीत. ज्यानं भांडण उकरलं असं रेफरीला वाटतं, त्याला पाचावर आणखी दोन मिनिटं आणि वर दहा. खरी मेख या निर्णयात असते, कारण आता त्याचा संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळणार. टाळ्या वाजवायच्याच तर तेव्हा वाजवा.

घरी असाल तर रिमोटनं एक-दोन मिनिटं मागे जा. बऱ्याचदा मूळ तिथे सापडतं: कुणी गोलकीपरला धडकलेलं असतं, नाहीतर चांगल्या खेळाडूला आंधळेपणानं आपटलेलं असतं. नेहमीच नाही सापडत. १५ फेब्रुवारी २०२५ला माँट्रियलमध्ये अमेरिका-कॅनडा सामन्याच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. तिथे मागे जाऊन काय बघणार? खेळ धड सुरूही झाला नव्हता.

तुम्ही उभं राहायचं का? जावई मला म्हणाले, ‘‘आई, उठा ना, सगळे उठलेत.’’

‘‘तुम्ही उठा,’’ म्हटलं, ‘‘मी बसूनच बघते.’’

कुणाला वाईट वाटलं नाही. समोर उभ्या असलेल्यांच्या पाठी दिसतात एवढंच, मग वरच्या मोठ्या पडद्यावर बघायचं. ‘शी, काय हे रानटी’ असं मात्र मोठ्यानं म्हणू नका. शेजारच्या माणसानं तिकिटाला भरपूर पैसे मोजलेले असतात, आणि तो कदाचित लहानपणापासून हेच बघत आलाय.

घरी आल्यावर हवं ते बोला. मी बोलते. डेरेक बूगार्ड नावाचा खेळाडू मुख्यतः मारामारीसाठीच संघात असायचा. तो २०११मध्ये अवघ्या २८व्या वर्षी गेला. दारू आणि वेदनाशामक गोळ्या एकत्र झाल्या होत्या. नंतर त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, डोक्याला वारंवार मार बसणाऱ्यांना होणारा आजार. ‘‘दोघं राजीखुशीनं लढतात’’ असं जावई म्हणाले की मी हे नाव घेते.

नातवंडं सोबत असतील आणि ‘‘आजी, त्यांना शिक्षा का नाही?’’ असं विचारतील, तर काचेपलीकडच्या पेनल्टी बॉक्सकडे बोट दाखवा. शिक्षा असते, फार स्वस्त असते. आणि घरच्यांना सांगून ठेवा की ऑलिंपिकचे आईस हॉकी सामने चुकवायचे नाहीत. तिथे मारामारी केली की मॅचमधून बाहेर. पळणं तेच, पास तेच, बर्फही तोच. त्यासाठी मी पहाटे चारलाही उठेन.