छोट्या चर्चची सुरक्षा: या चुका टाळा

छोट्या मंडळीत सुरक्षेचा विषय निघाला की बोलणं कॅमेऱ्यांपाशी जातं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. कॅमेरा जरूर लावा, पण घडून गेलेलं दाखवणं एवढंच त्याचं काम. उपासनेला पन्नास-साठ माणसं जमतात तिथे जास्त शक्यता असते ती कुणाला भोवळ येण्याची, वायरिंग पेटण्याची, ओल्या पायरीवर घसरण्याची, दानपेटी फुटण्याची. शिवाय मुलांशी होणारं गैरवर्तन, ज्याबद्दल बोलायला सगळेच कचरतात. तयारीची सुरुवात इथून करा.

सगळ्यात घातक चूक दारांची. चोरीच्या भीतीने बाजूच्या दाराला कुलूप लागतं, किल्ली कुणा एकाच्या खिशात राहते आणि सणाला त्याच दारासमोर जादा खुर्च्या रचल्या जातात. 1863 साली चिलीची राजधानी सांतियागो इथल्या एका चर्चला आग लागली, तेव्हा दारांपाशी झालेल्या कोंडीत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. ऑगस्ट 2022 मध्ये इजिप्तमधल्या गिझा इथे उपासनेच्या वेळीच एसीच्या विजेतल्या बिघाडातून चर्च पेटलं. त्यात 41 जण दगावले, अनेक जण धुराने गुदमरून. म्हणून प्रत्येक दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, शक्यतो बाहेरच्या बाजूला. बाहेरून बंद पण आतून दांडा दाबताच उघडणारं कुलूप मिळतं. ते बसवलं की चोरीची काळजीही मिटते. घाबरलेली माणसं ज्या दाराने आत आली त्याच दाराकडे धावतात, हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्या दारापाशी हाक मारणारं कुणीतरी नेमलेलं असेल तरच ते दार उपयोगी पडतं.

विजेचं म्हणाल तर एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असं करून कीबोर्ड, अॅम्प्लिफायर आणि पंखे चालवू नका. मेणबत्त्या पडद्यांपासून लांब ठेवा आणि शेवटची विझेपर्यंत कुणीतरी थांबा. अग्निशामक नळकांडं वेदीच्या मागे शोभेला ठेवून भागत नाही, ते दाराजवळ हवं. विजेच्या आगीवर पाणी कधीच नको, कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर वापरतात. पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. हे किमान चौघांना यायला हवं. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर नळकांडं टाकून बाहेर पडा.

आता मुलांबद्दल. ‘सगळे आपलेच आहेत’ या वाक्याने मंडळ्यांचं जितकं नुकसान केलं आहे तितकं कुठल्याही चोराने केलं नसेल. संडे स्कूलच्या खोलीत एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन मोठी माणसं नेहमी असावीत. दाराला काच असावी, नसेल तर दार उघडं ठेवावं. नवीन आलेल्या माणसाला, तो कितीही गोड बोलणारा असो, काही महिने ओळख आणि चौकशी झाल्याशिवाय मुलं सोपवू नका. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. वडीलजनांनी बसून, माफी मागायला लावून प्रकरण मिटवणं हा त्या मुलावरचा दुसरा अन्याय आहे. पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडेच गेलं पाहिजे.

धोका अनोळखी माणसाकडूनच येतो ही समजूतही सोडा. अमेरिकेत टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्ज या लहानशा वस्तीतल्या चर्चमध्ये 2017 साली गोळीबार होऊन 26 बळी गेले. हल्लेखोराची सासू त्या मंडळीत येत असे आणि तपासात कौटुंबिक वादाचा धागा पुढे आला. म्हणून घरात मारहाण सोसणारी किंवा धमक्या येत असलेली बहीण मंडळीत असेल, तर तिच्या संमतीने दारावरच्या दोघांना तेवढं माहीत असू द्या. दारावर उभं राहणाऱ्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला नजर देऊन नमस्कार करावा, दोन शब्द बोलावेत. स्वागत आणि पहारा दोन्ही त्यातच होतात.

अर्पण, म्हणजे दानाचे पैसे, मोजायला एकटं कुणी बसू नये. दोघांच्या सह्या घ्या आणि बँकेत जायची वेळ बदलत राहा.

कुणी कोसळलं की सगळे भोवती गोळा होतात आणि रुग्णवाहिकेला फोन मात्र कुणीच केलेला नसतो. नाव घेऊन एकाला सांगा. चर्चचा पूर्ण पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, पाहुण्यांना तो ठाऊक नसतो. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाबत राहा. प्रार्थना सुरू असू द्या, पण हात थांबू देऊ नका.

शेवटची चूक म्हणजे आराखडा लिहून कपाटात ठेवणं आणि जबाबदारी पाळकांवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंवर, टाकणं. उपदेश चालू असताना ते सूत्रं हलवू शकत नाहीत, म्हणून जबाबदार माणूस दुसरा नेमा. मात्र मागचं दार समोरून दिसतं ते पुलपिटवरच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरच्या, माणसालाच आणि माइकही त्याच्याच हातात असतो. त्याला घोषणा पाठ असावी: ‘शांतपणे उठा, जवळच्या दाराने बाहेर पडा, मुलांना शिक्षक बाहेर घेऊन येत आहेत.’ हा शेवटचा भाग गाळला तर आईबाप गर्दीच्या उलट दिशेने मुलांच्या खोलीकडे धावतील. मुलं बाहेर कुठे भेटणार ती जागा आधी ठरवा आणि एखाद्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना तिथपर्यंत चालवत न्या.