ग्रिट घेण्याआधी ती टाकणार कुठे, ते ठरवा

ग्रिट म्हणजे लोखंडावरचा गंज आणि जुना रंग काढायला हवेच्या जोराने मारतात ते दाणे. या कामाला ब्लास्टिंग म्हणतात. माल घेताना लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या. तिच्यात निम्म्यापर्यंत कॉपर स्लॅगची, म्हणजे तांब्याच्या भट्टीतल्या मळाची ग्रिट आणि वर पाणी भरून झाकण लावा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. चांगली ग्रिट चटकन तळाला बसते, पाणी थोड्या वेळात निवळतं. पाणी काळपट गढूळच राहिलं तर गोणीत धूळ भरलीय. आणि वर तेलाचा तवंग आला तर सरळ ट्रक परत पाठवा, त्या तेलावर प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, धरत नाही. ट्रकवाला कुरकुरतो. कुरकुरू द्या.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं ब्लास्टिंग-पेंटिंगचं यार्ड आहे. सुरुवातीला आम्हीही दारणेची वाळूच मारायचो. माझा पहिला ब्लास्टर तोंडाला ओला गमछा बांधून दिवसभर नोझल धरायचा. पुढे जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. टीबीचा कोर्स दोनदा झाला, गुण नाही. मग कळलं, सिलिकोसिस. वाळूतली मोकळी सिलिका फुटून बारीक होते आणि फुफ्फुसात रुतून बसते. स्लॅगमध्येही सिलिका असते, पण ती लोखंडाशी बांधलेली. मोकळी सिलिका टक्क्याहूनही कमी. म्हणून वाळू सोडली.

पण म्हणून ग्रिट निरुपद्रवी असं समजू नका. तांब्याच्या भट्टीत साधारण 1200 अंशांना खनिज वितळतं, तांबं खाली जातं आणि लोखंड-सिलिकेचा मळ वर तरंगतो. तो पाण्यात ओतला की तडकून काळे काचेसारखे दाणे होतात, तीच आपली ग्रिट. एक टन तांब्यामागे हा मळ दोन टनांच्या वर निघतो. त्यात थोडं तांबं, जस्त, शिसं, आर्सेनिक राहतं. दाणा अख्खा असेपर्यंत ते बरंचसं काचेत अडकलेलं असतं, नोझलमधून फुटून पीठ झालं की तितकं नाही. तामिळनाडूतल्या थूथुकुडीत तांब्याच्या कारखान्याच्या प्रदूषणावरून लोक रस्त्यावर उतरले, मे 2018 मध्ये पोलीस गोळीबारात 13 माणसं गेली आणि कारखाना बंद झाला. आपण गोणी फोडतो तेव्हा यातलं काही दिसत नाही, एवढंच.

आता काम. नोझलपाशी सात किलो प्रेशर हवं. कॉम्प्रेसरच्या काट्यावर नव्हे, नोझलपाशी. ब्लास्टरला हवेची लाइन असलेलं हेल्मेट द्याच, आणि ती हवा फिल्टरमधून गाळून द्या. हेल्परचं कोणी बघत नाही. पॉट, म्हणजे ग्रिटची टाकी, भरताना सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच नाकात जाते, त्यालाही मास्क पाहिजे. घरी जाताना कपडे यार्डातच बदलायला लावा, घरात लहान मुलं असतात. पावसाळ्यात गोण्या लाकडी पॅलेटवर, ताडपत्रीखाली ठेवा. दमट ग्रिट होजमध्ये अडते. ब्लास्ट केलेला पत्रा आपल्याकडे जुलैत दुपारपर्यंतही थांबत नाही, तांबूस व्हायला लागतो. जेवढं त्याच दिवशी प्रायमर होईल तेवढंच उघडा.

वारा बघा. हे मी शिकलो विल्होळीच्या एका द्राक्षबागायतदाराकडून. आम्ही त्याच्या बागेशेजारी साइटवर एक टाकी उघड्यावर मारली. जानेवारी महिना, मण्यांत साखर भरत होती. दुसऱ्या दिवशी तो एक घड हातात घेऊन आला. मण्यांवरच्या पांढऱ्या झाकेवर काळी पूड बसलेली. धुतला तर झाक जाते, नाही धुतला तर व्यापारी घेत नाही. भरपाई दिली. तेव्हापासून चारही बाजूंनी ताडपत्री बांधल्याशिवाय पॉट चालू होत नाही.

वापरलेल्या ग्रिटचे पहिल्या दिवसापासून दोन ढीग करा. कोऱ्या पत्र्यावर मारलेली एकीकडे, जुना रंग काढलेली दुसरीकडे. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. नियमांत भट्टीचा मळ घातक कचऱ्यातून वगळलेला आहे, पण त्याच ग्रिटमध्ये शिशाचा रंग मिसळला की ती सवलत सांगू नका. नमुना लॅबला द्या. घातक निघाली तर तळोजा, रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रावरच पाठवा आणि पावती जपून ठेवा. मी एकदा सगळा ढीग एका ट्रॅक्टरवाल्याला फुकट दिला. त्याने तो नासर्डीच्या काठाला रिकामा केला. पहिल्या पावसात तिथून काळा ओघळ नदीत उतरलेला मी स्वतः पाहिला, आणि गाडी न थांबवता पुढे गेलो.

स्वच्छ ढिगाचं काय? आयएस 383:2016 या खडी-वाळूच्या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटमध्ये कॉपर स्लॅग वाळूच्या जागी चालतो. साध्या काँक्रीटमध्ये 40 टक्क्यांपर्यंत, सळईच्या कामात 35. ते प्रमाण ताज्या मालासाठी आहे, म्हणून आपली वापरलेली ग्रिट मी स्लॅबमध्ये कधी घालत नाही. चाळून पीठ काढतो आणि यार्डातल्या यार्डात जमिनीच्या पीसीसीला, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटला, वाळूच्या एक तृतीयांश घालतो. चाळलेलं पीठ गोणीत बांधून रंगाच्या ढिगाबरोबर जातं. स्लॅग पाणी पीत नाही, त्यामुळे नेहमीचं पाणी ओतलंत तर वर पाणी सुटतं. मिस्त्रीला आधीच सांगा. आणि घमेलं अर्धंच भरायला लावा. वाळूपेक्षा हे तिसऱ्या हिश्शाने जड असतं, नव्या बाईला पहिल्या खेपेलाच मान धरते.