क्लॅम आणायच्या आधी त्याची जागा ठरवा

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळायचा क्लॅम म्हणजे रंगीत पडद्याचा महाकाय शिंपला. माझा पहिला क्लॅम, मॅक्सिमा जातीचा, ११ दिवसांत गेला, आणि तो माझ्याच हाताने गेला. पाणी ठीक होतं, लाइट पुरेसा होता. फक्त तो सोफ्यावरून नीट दिसत नव्हता. म्हणून तिसऱ्या दिवशी टँकमध्ये हात घालून उचलायला गेलो, तर पठ्ठ्या खडकाला चिकटलेला. जरा हिसका दिला, सुटला. उलटा करून पाहिला तेव्हा खालच्या फटीतून केसांसारख्या धाग्यांचा पुंजका लोंबत होता आणि त्याच्या टोकाला मांसाचा बारीक गोळा.

त्या धाग्यांना बायसस म्हणतात. शिंपल्याच्या तळाशी, बिजागरीच्या बाजूला एक फट असते. तिथून क्लॅमचा पाय बाहेर येतो आणि पायाजवळची ग्रंथी हे धागे सोडून त्याला खडकाशी जखडून टाकते. धागे कापले तर काही बिघडत नाही, नवे येतात. ग्रंथीच उपटून आली की मात्र क्लॅम बहुतेक वेळा दगावतो, तोही लगेच नाही, हळूहळू.

आता हलवायचीच वेळ आली तर मी क्लॅमला हात लावत नाही, तो ज्या दगडाला धरून आहे तो दगड हलवतो. खडक मोठा असेल तर पातळ ब्लेड खडकाला घासून क्लॅमखाली सरकवतो आणि धागे खडकाच्या अंगाने कापतो, मांसाच्या अंगाने नाही. वाळूत बसवायच्या क्लॅमसाठी तर मी आधीच तळहाताएवढा चपटा दगड वाळूखाली पुरून ठेवतो. क्लॅम पाय खाली सोडतो, दगड सापडला की धरतो, आणि पुढे कधीही दगडासकट उचलता येतो. तो दगड ठेवला नाही तर क्लॅम थेट तळाच्या काचेला धरतो, आणि मग ब्लेड घेऊन कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसावं लागतं.

जागा कुठली, हे जातीवर ठरतं. क्रोसिया सगळ्यात लहान, जेमतेम १५ सेंटीमीटरचा. निसर्गात तो प्रवाळाच्या खडकात स्वतःला कोरून घेतो आणि वरून फक्त रंगीत पडदा दिसतो. मॅक्सिमा ३० सेंटीमीटरपर्यंत जातो. हे दोघे खडकावर, वरच्या भागात, कडक उजेडात राहणारे. स्क्वामोसाच्या शिंपल्यावर खवल्यांसारख्या झालरी असतात, तो ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. डेरासाचा शिंपला त्यामानाने गुळगुळीत, वाढ ६० सेंटीमीटरपर्यंत. हे दोघे वाळूत खूश असतात. गिगास एक मीटरच्या वर आणि २०० किलोच्या पुढे जातो, त्यामुळे घरात त्याचं नाव काढू नये. पाणबुड्याचा पाय पकडून त्याला बुडवणारा शिंपला म्हणून ज्याच्या गोष्टी सांगतात तो हाच. प्रत्यक्षात मोठा झालेला गिगास स्वतःला पूर्ण मिटूही शकत नाही.

पहिला क्लॅम घेताना डेरासा घ्या. दुकानात नजर जाते ती निळ्याजांभळ्या क्रोसियावर आणि मॅक्सिमावर, माझीही तिथेच गेली होती. पण डेरासा कमी उजेडात भागवतो आणि आपल्या एकदोन चुका पोटात घालतो.

उजेडाचं सांगायचं तर आधी रंगाचं सांगावं लागेल. शिंपल्याबाहेर पसरणाऱ्या मांसल पडद्याला मँटल म्हणतात. त्यात दोन गोष्टी असतात. एक, तपकिरी रंगाची सूक्ष्म शैवालं. क्लॅमच्या पोटापासून निघालेल्या नळ्यांचं जाळं मँटलभर पसरलेलं असतं आणि शैवालं त्या नळ्यांत राहतात, म्हणजे प्राण्याने आपल्याच पोटाला फांद्या फोडून त्यात शेती केली आहे. दुसरी गोष्ट आयरिडोसाइट नावाच्या पेशी. यांच्यातल्या पातळ थरांवरून प्रकाश परततो आणि आपल्याला निळा, हिरवा, सोनेरी झळाळ दिसतो. याच पेशी उपयोगी प्रकाश आतल्या शैवालांकडे पसरवतात. रंग आपल्यासाठी शोभा आहे, त्याच्यासाठी शेतावरचं छप्पर आहे.

पार मीटर (शैवालांना उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) मिळाला तर क्लॅम बसणार त्या नेमक्या जागी मोजा. डेरासा आणि स्क्वामोसाला १५० ते २५०, मॅक्सिमा आणि क्रोसियाला २५० ते ४०० हा माझा हिशेब. नवा क्लॅम एकदम कडक उजेडात टाकला की त्याची शैवालं निघून जातात आणि मँटल मध्यभागी पांढुरका, पारदर्शक व्हायला लागतो. यावर बरेच जण सांगतात की आधी तळाला ठेवा आणि दर आठवड्याला थोडा वर चढवा. मला हे पटत नाही. दर वेळी तो पाय रोवणार आणि दर वेळी तुम्ही त्याला उपटणार. त्यापेक्षा क्लॅम पहिल्याच दिवशी कायमच्या जागी ठेवा आणि लाइट कमी करा. मी नेहमीच्या निम्म्यावर आणतो आणि तीन आठवड्यांत पुन्हा पूर्ण करतो. बाकीची प्रवाळं तेवढे दिवस कुरकुरतात, मरत नाहीत.

पाण्यासाठी वेगळा मंत्र नाही. कठीण प्रवाळं ज्या पाण्यात वाढतात त्यातच क्लॅम वाढतो. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण, एकक डीकेएच) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, रोज हेलकावे खाल्लेले चालणार नाहीत. क्लॅम शिंपला बांधतो तो याच कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून. माझ्याकडे तीन क्लॅम झाल्यावर अल्कलिनिटी रोज अर्ध्या डीकेएचने उतरायला लागली आणि हाताने डोस देण्याचा माझा आळशी कारभार बंद पडला. डोसिंग पंप घ्यावाच लागला.

नायट्रेट शून्यावर आणण्याचा हट्ट क्लॅमच्या टँकमध्ये करू नका. त्याच्या शैवालांना नायट्रोजन लागतो, ५ ते १० पीपीएम राहू द्या. तांबं असलेलं कुठलंही माशांचं औषध मात्र या पाण्यात कधीच नको. आणि टँक किमान आठ महिने ते वर्षभर चाललेला हवा.

प्रवाह इतपत ठेवा की मँटलची कड हलकी लहरेल. कड दुमडून आत वळत असेल तर पावरहेडचं, म्हणजे प्रवाह देणाऱ्या पंपाचं, तोंड फिरवा, क्लॅम नको.

खाऊ घालण्याबद्दल थोडक्यात. पाच सेंटीमीटरच्या आतल्या पिल्लांना फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं) द्यावं असं सांगतात, म्हणून अशी पिल्लं मी घेतच नाही. त्याहून मोठ्यांना चांगला लाइट आणि मासे असलेला टँक पुरतो.

दुकानात निवडताना घाई करू नका. क्लॅमच्या मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, त्यांना सावली कळते. टँकवरून हात फिरवा. निरोगी क्लॅम झटकन आक्रसतो. मग बघा की मँटल शिंपल्याच्या काठाबाहेर भरून आला आहे ना, आणि पाणी आत घेणारं तोंड फट असल्यासारखं अरुंद आहे ना. ते तोंड आ वासून उघडं असेल तर परत फिरा. काठावर शिंपल्याची नवी, स्वच्छ पांढरी कड दिसली तर तो वाढतो आहे. खाली पाय शाबूत आहे का हेही दाखवायला सांगा. सगळे महाकाय शिंपले साइटीस कराराच्या (वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे कागदपत्रं विचारायला लाजू नका, आपल्याकडचा कायदा पाळायला परवानगी देतो का ते आधी पाहा आणि समुद्रातून काढलेला नको, हॅचरीत वाढवलेलाच मागा. पलाऊसारख्या बेटांवर त्यांची रीतसर शेती होते.

घरी आणल्यावर तासभर थेंबाथेंबाने पाणी जुळवतो. हवेत उचलला गेलाच तर पाण्याखाली थोडा कलता करून आत अडकलेले बुडबुडे जाऊ देतो, मगच जागेवर ठेवतो.

आता ज्याने माझे दोन क्लॅम जवळजवळ नेले त्याबद्दल. आईला टँकमधलं फारसं काही कळत नाही, पण फडकं घेऊन तिथून जाताना डेरासा मिटतो म्हणून ती त्याला लाजाळू म्हणते. एका सकाळी ती म्हणाली, "तुझा लाजाळू आज लाजला नाही रे." मी पाणी तपासलं, सगळं ठीक. रात्री दोन वाजता लाल टॉर्च घेऊन बसलो. शिंपल्याच्या काठावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख, चांगले पंधरावीस. पिरॅमिडेलिड गोगलगायी. दिवसा त्या तळाच्या फटीजवळ किंवा वाळूत दडतात, रात्री वर येऊन सोंड मांसात खुपसतात आणि रस शोषतात. लहान क्लॅम त्यांच्यापुढे टिकत नाही.

औषध शोधू नका. दगडासकट क्लॅम बाहेरच्या भांड्यात, टँकच्याच पाण्यात घ्या आणि मऊ टूथब्रशने शिंपल्याची बाहेरची बाजू घासा, झालरींच्या आतली खास करून. पारदर्शक जेलीसारखे ठिपके दिसतील, ती अंडी. ती राहिली तर सगळा खटाटोप वाया. मी दर रविवारी असं सहा आठवडे केलं, तेव्हा एक रात्र शंखाविना गेली. नंतर सिक्सलाइन रॅस हा मासा टँकमध्ये सोडला, तो अशा गोगलगायी टिपतो. नवीन क्लॅम आता मी टँकमध्ये जाण्यापूर्वीच घासतो. दगडासकट उचलता आला म्हणूनच ते सहा रविवार निभावले.

मँटल जागोजागी चिमटा काढल्यासारखा आक्रसलेला राहिला तर तो वेगळा रोग. तापमान आणि पीएच जुळवलेल्या आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढलेल्या गोड्या पाण्यात) साधारण अर्धा तास बुडवणं हा त्यावर वापरला जाणारा उपाय आहे. करताना छातीत धडधडतं, कारण क्लॅम घट्ट मिटून बसतो.

शेजारी कोण नको? बटरफ्लायफिश, पफर, ट्रिगर हे मासे उघडच. छोटे एंजलफिश बेभरवशाचे, महिनोन्‌महिने शहाण्यासारखे राहतात आणि एक दिवस मँटलचा चावा घेतात. एप्टेशिया (डंख मारणारं उपद्रवी समुद्रफूल) क्लॅमजवळ उगवला तर त्याच दिवशी काढा. आणि कुठला क्लॅम मेलाच तर रात्रभर ठेवू नका, सडून सगळं पाणी घेऊन जातो. सकाळी त्याच्या रिकाम्या शिंपल्यात ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे) दिसले म्हणून त्यांना खुनी ठरवू नका, ते बहुतेकदा मेल्यावरच येतात.

माझा डेरासा ९ सेंटीमीटरचा आणला होता. दर महिन्याला बाहेरून काचेला पट्टी लावून मोजतो, आता १८ झाला आहे. पुढच्या काचेला टेकायला चार बोटं उरली आहेत. त्याच्याखालचा दगड मागे सरकवायचा, तर मागे आधी मोठ्या खडकाची मांडणी बदलावी लागेल. सध्या त्याचाच कागदावर नकाशा काढतो आहे.