माकडतापाच्या जुन्या नोंदी घेऊन बसणाऱ्यांसाठी

प्रबंधासाठी जुनी साथ निवडायची असेल तर क्यासनूरच्या रानातली, म्हणजे माकडतापाची घ्या, असं मी नव्या मुलांना आग्रहाने सांगते. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात, रानातली माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला), आधी शंका आली पीतज्वराची (यलो फीव्हरची); दक्षिण अमेरिकेत तो माकडांना असाच मारतो. निघाला मात्र गोचिडांतून पसरणारा नवाच विषाणू. एवढं तुम्ही वाचलेलं असेलच.

आता मला सगळ्यात जास्त काळ अडवून ठेवलेली गोष्ट. नोंदीतलं गाव ही लागण झालेली जागा नव्हे. रुग्णाच्या नावापुढे असतं त्याच्या घराचं गाव. गोचीड चावते रानात, आणि तीही तिळाहून बारीक, चावलेलं कळतसुद्धा नाही. ताप चढतो साधारण ३ ते ८ दिवसांनी. तोवर माणूस सरपण घेऊन कधीच घरी आलेला असतो. तुम्ही गावावर टिंब मारलंत की नकाशात रान कोरं आणि वस्तीत गर्दी. मग माणसाकडून माणसाला लागण होतेय असं वाटू लागतं, आणि हा ताप तसा पसरत नाही. एका घरात तिघं आजारी दिसले तर आधी पाहा, तिघं एकाच रानात पाला गोळा करायला गेले होते का? तारखेचंही तेच. दवाखान्यात आल्याची तारीख बाजूला ठेवा, ताप कधी भरला ते शोधा, तिथून आठवडाभर मागे जा आणि त्या दिवसांत माणूस कुठे होता ते लिहा. हे केलं नाही तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

पुण्याच्या त्याच केंद्रातल्या टेलफर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो या संशोधकांच्या चमूने मेलेल्या माकडांचा माग काढला, तो म्हणूनच मोलाचा. माकड मरतं ते रानातच, आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच उतरतात. पण खबर आली नाही म्हणजे माकड मेलंच नाही, असं धरू नका. त्या बाजूला कुणी फिरकलंच नसेल.

तालुक्याचे आकडे संगणकावरच्या तयार जीआयएस नकाशावर ओतून मोकळं होणं मला अजिबात मान्य नाही. आणि मार्गदर्शक निवडताना शोधनिबंध मोजू नका. गोचिडी धरायला पांढरं फडकं घेऊन रान तुडवलेला माणूस शोधा.

घाबरू मात्र नका. नोंदी अपुऱ्या असतात, गावांची नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली असतात, पहिले काही आठवडे काहीच लागत नाही. सगळ्यांचं असंच होतं. हळूहळू हात बसतो.

हे नुसतं जुन्या कागदांपुरतं नाही. हा ताप गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही पोचला आहे. तिथे काजूच्या हंगामात नोंद घ्यायला गेलात तर "गाव कुठलं?" यावर थांबू नका. "गेल्या आठवड्यात कुणाच्या बागेत होता?" हेही विचारा, आणि उत्तर बागेच्या नावानिशी टिपून घ्या.